पुण्याचे चार क्लब, आणि आज एकही नाही

फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगमधली एक जागा २०१४ साली पुण्याला मिळाली. २०१९ साली पुण्याचा संघ बरखास्त झाला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी उभा राहिला. २०२५ साली हैदराबादचा संघ उचलून दिल्लीला नेला, नावही बदललं. दिल्लीची मूळची जागा तर २०१९मध्येच भुवनेश्वरला गेलेली होती. म्हणजे अकरा वर्षांत दिल्लीचा संघ ओडिशाचा झाला, पुण्याच्या जागी हैदराबाद आलं आणि हैदराबादचा संघ दिल्लीचा झाला. या तिन्ही वेळी त्या त्या शहरात कुणीतरी तिकीट काढून सामन्याला जात होतं, पोराला खांद्यावर घेऊन ओरडत होतं, घरी भिंतीला झेंडा लावत होतं. त्यांना कुणी विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती, कारण कागदावर ते कुणीच नव्हते.

मी त्या माणसांपैकी एक आहे. म्हणून हा लेख तटस्थ नाही.

नव्या वाचकाला खरं वाटणार नाही, पण २०१४-१५च्या हंगामात देशातल्या वरच्या दोन स्पर्धांमध्ये मिळून पुण्याचे तीन क्लब होते. जुन्या राष्ट्रीय लीगमध्ये, म्हणजे आय-लीगमध्ये, पुणे एफसी आणि भारत एफसी, सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी. चौथा, डीएसके शिवाजीयन्स, दुसऱ्या श्रेणीत होता आणि वर्षभरात तोही आय-लीगमध्ये आला. कोलकाता आणि गोवा सोडलं, तर फुटबॉलची एवढी गर्दी देशात कुठेच नव्हती. पाच वर्षांनी, २०१९चा पावसाळा सरेपर्यंत, या चारांतला एकही उरला नाही. हरल्यामुळे कुणी संपला नाही. चारही क्लब मैदानाबाहेर, कुठल्यातरी कार्यालयात संपले.

यातला माझा जिवाचा क्लब म्हणजे पहिला. पुणे एफसी २००७ साली अशोक पिरामल समूहाने काढला. दुसऱ्या श्रेणीत खेळून २००९ साली तो वर चढला. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढच्या तिघांपैकी वरच्या पायरीवर खेळून चढलेला एकही नाही. पहिल्याच मोसमात, २००९-१०मध्ये, त्याने आय-लीगमध्ये तिसरा क्रमांक मिळवला. पुढे थेट गोव्याचे डेम्पो आणि चर्चिल ब्रदर्स होते, मागे कोलकात्याचे दोन्ही महारथी, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. बालेवाडीला त्या वर्षी आम्ही जायचो तेव्हा स्टँड निम्मी रिकामी असायची, पण आलेला माणूस पुन्हा यायचा. गोलरक्षक सुब्रत पाल होता. २०११च्या आशियाई करंडकात दोह्याला त्याने भारताचा गोल जीव तोडून राखला, तेव्हा आम्ही टीव्हीसमोर अभिमानाने म्हणत होतो, हा आमचा माणूस. अराता इझुमी जपानमध्ये जन्मलेला, आईकडून जपानी आणि वडिलांकडून भारतीय. पुण्यात खेळता खेळता त्याने भारताचं नागरिकत्व घेतलं आणि भारताकडून खेळला. जपानी पासपोर्ट सोडून भारताची जर्सी घालणं ही साधी गोष्ट नव्हे, आणि तो आमच्या मैदानावर खेळणारा पोरगा होता.

डेरिक परेरा प्रशिक्षक असताना २०१२-१३मध्ये पुणे एफसी उपविजेता झाला. विजेते चर्चिल. पुढच्या वर्षी, २०१४ साली, आशियाई क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत व्हिएतनामच्या संघाशी पुणे खेळलं आणि मग एएफसी कपमध्ये पुण्याचं नाव आलं. त्याच वर्षी ड्युरँड करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत धडक. टोपणनाव होतं रेड लिझर्ड्स. ते ऐकलं की पुण्याच्या माणसाला सिंहगडाची घोरपड आठवणारच: कड्याला चिकटलेली, सुटायला तयार नसलेली. चिकाटीचा खेळ होताही त्यांचा. आणि मामुर्डीला अकादमी होती, मुलांची राहायची सोय असलेली. केरळच्या मलप्पुरमचा आशिक कुरुणियन तिथे वाढला, तो पुढे भारताकडून खेळला. त्या अकादमीच्या पोरांनी तरुणांच्या आय-लीगचं विजेतेपद पुण्याला आणलं. आपल्या राज्यात मुलांच्या पातळीवर एवढं शिस्तीचं काम तेव्हा फार कमी ठिकाणी होत होतं.

आणि मग २०१५मध्ये, हंगाम संपल्यावर, कळलं की मालक बाहेर पडतायत. संघ बंद. अकादमी पुढे एफसी पुणे सिटीने घेतली. आठ वर्षांचा क्लब, देशात दुसरा आलेला, आशियात खेळलेला, एका उन्हाळ्यात गेला. निरोपाचा सामना झाला नाही. शेवटचा सामना आम्ही पाहिला तेव्हा तो शेवटचा आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मला आजही याचंच सगळ्यात वाईट वाटतं. माणूस गेला तर दहावा-तेरावा असतो, इथे काहीच नव्हतं.

भारत एफसीची गोष्ट अजून तोकडी. कल्याणी समूहाने २०१४च्या नोव्हेंबरमध्ये क्लब जाहीर केला आणि दोनेक महिन्यांत तो आय-लीगमध्ये खेळत होता. अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनने कंपन्यांसाठी थेट प्रवेशाचा दरवाजा उघडला होता. पैसे भरा, अटी पाळा, वरच्या श्रेणीत या. शिवाय काही वर्षं खाली न उतरण्याची हमी. इंग्रज प्रशिक्षक, परदेशी खेळाडू, नवी कोरी जर्सी. अकरा संघांत भारत एफसी शेवटचा आला. पण हमी होती, म्हणून खाली उतरला तो त्याच्या वर असलेला डेम्पो. पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला डेम्पो! आणि पुढच्या हंगामाची वेळ आली तेव्हा ज्याला वाचवलं तो भारत एफसी मैदानात उतरलाच नाही. एका हंगामात वीस सामने, आणि विषय मिटला. डेम्पोने मात्र दुसऱ्या श्रेणीत मुकाट खेळून ती जिंकली. नंतर फेडरेशनच्या धोरणाचा निषेध म्हणून तो २०१६मध्ये गोव्याच्याच साळगावकर आणि स्पोर्टिंगसारखा राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडला, पण क्लब संपला नाही. गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला आणि २०२४मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये आला. मला वाटतं, भारतीय फुटबॉलच्या धोरणाचा सगळा घोळ या एका हंगामात दिसतो. जो पडू शकत नाही त्याला आपण आत घेतलं, आणि जो पडूनही उठणारा होता त्याला बाहेर ढकललं.

शिवाजीयन्सचं दुःख वेगळं आहे. तो क्लब नवा नव्हता, १९८७चा होता. पुणे जिल्हा संघटनेच्या सामन्यांत, घोरपडीच्या डोबरवाडी मैदानावर, कॅम्प आणि खडकीच्या पोरांत वाढलेल्या फुटबॉलच्या जगातला. एका बांधकाम समूहाने तो हाती घेतला, नावाआधी आपलं नाव लावलं, लिव्हरपूलच्या सहकार्याने अकादमी काढली. त्या अकादमीतून मिझोरमचा लालियनझुआला छांगटे बाहेर पडला, पुढे मुंबई सिटीचा कर्णधार झाला, देशाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. काम चांगलंच होतं, हे मी मोकळेपणाने म्हणतो. पण समूह आर्थिक अडचणीत आला, २०१७मध्ये संघ आय-लीगमधून बाहेर गेला, अकादमीही टिकली नाही. आणि जाताना १९८७चं ते जुनं नाव पण घेऊन गेला. गावातला वाडा श्रीमंत पाहुण्याला वापरायला द्यावा आणि पाहुणा जाताना वाडाच मोडीत निघावा, तसं झालं.

एफसी पुणे सिटीबद्दल थोडक्यात. नावं मोठी होती: हृतिक रोशन सहमालक, इटलीच्या फिओरेंटिना क्लबशी करार, मैदानात फ्रान्सचा त्रेझेगे, पुढे रुमानियाचा मुटू, प्रशिक्षक म्हणून इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट. लोक आले, हे मान्य. २०१७-१८मध्ये मार्सेलिन्हो आणि अल्फारो यांच्या जोरावर संघ उपांत्य फेरीत गेला. बंगळूरमध्ये सुनील छेत्रीच्या हॅटट्रिकने तो हरला, आणि तो पुण्याचा शेवटचा मोठा सामना ठरला. पुढच्या हंगामात मालकांची आर्थिक घडी विस्कटली, खेळाडूंचे पैसे थकले, आणि ऑगस्ट २०१९मध्ये क्लब गेला. प्रशिक्षक फिल ब्राउन आणि बरेचसे खेळाडू हैदराबादला गेले. त्या हैदराबादने २०२१-२२चं विजेतेपद जिंकलं. मी तो अंतिम सामना पाहिला नाही.

आता मूळ प्रश्न. क्लब कुणाचा असतो?

सोपं उत्तर असं दिलं जातं की ज्याने पैसे घातले त्याचा. त्याने कोट्यवधी ओतले, परत काही मिळालं नाही, तो थांबला, यात चूक काय? हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. पिरामल समूहाने आठ वर्षं पैसे घातले आणि प्रामाणिकपणे घातले. आय-लीगच्या क्लबांना प्रक्षेपणातून सांगण्यासारखं काही मिळत नव्हतं, तिकिटं स्वस्त होती, जर्सी विकून घर चालत नाही. डिसेंबर २०१०मध्ये फेडरेशनने आपले सगळे व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी सातशे कोटींना देऊन टाकले. ते हक्क घेणाऱ्यांनी २०१४मध्ये स्वतःची वेगळी लीग काढली, आणि आय-लीगचे क्लब त्याच शहरात, त्याच मैदानावर दुय्यम झाले. पुणे एफसीच्या मालकांनी काय करायला हवं होतं? आणखी पाच वर्षं तोटा सोसायचा? मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित मीही थांबलो असतो.

पण थांबणं वेगळं आणि मिटवणं वेगळं. मालकाला आपली थैली बंद करायचा पूर्ण हक्क आहे. मात्र थैली बंद झाली की नाव, बोधचिन्ह, मुलांचे संघ, नोंदी, स्पर्धेतली जागा, सगळंच त्याच्याबरोबर नाहीसं होतं. हे कुठल्या न्यायात बसतं? बालेवाडीचं संकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी सरकारी पैशातून उभं राहिलं. २००८च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांच्या वेळी पुन्हा सरकारी पैशातून नटवलं गेलं. त्या गवतावर पुण्याचं नाव वापरून खेळायचं, गॅलरीत पुण्याची माणसं ओरडणार, मुलं पुण्यात राहून शिकणार. आणि यातलं काहीही कायदेशीररीत्या पुण्याचं नाही. 'पुणे' हा शब्दसुद्धा भाड्याने घेतलेला, तोही फुकट.

हे फक्त नव्या क्लबांचं दुखणं नाही, म्हणून ते जास्त गंभीर आहे. मुंबईचा महिंद्र युनायटेड १९६२पासून खेळत होता. २००५-०६मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, फेडरेशन कप दोनदा, ड्युरँड तीनदा. २०१०मध्ये व्यवस्थापनाने ठरवलं की आपण आता शालेय फुटबॉलकडे वळतो, आणि संघ बंद केला. अठ्ठेचाळीस वर्षांचा क्लब. पंजाबचा जेसीटी, पहिल्यावहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, २०११मध्ये गेला. त्याआधी एफसी कोचीन, १९९७ साली आला, त्याच वर्षी ड्युरँड जिंकला, काही वर्षांत बुडाला. मुंबई एफसी २००७ साली पुणे एफसीबरोबरच जन्मला, कूपरेजवर खेळला, २०१७मध्ये खाली उतरला आणि खेळायचाच थांबला. मुंबई एफसीला सात वर्षं तगवून धरणारा प्रशिक्षक खालिद जमील तो हंगाम सुरू होण्याआधी मिझोरमला ऐझॉल एफसीकडे गेला होता. ज्या हंगामात मुंबई खाली गेली, त्याच हंगामात ऐझॉल देशाचा विजेता झाला. ऐझॉल आदल्या वर्षी स्वतःच उतरलेला होता, गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे त्याला परत जागा मिळाली होती. पैसा मुंबईत होता, ऐझॉलमध्ये नव्हता. पण ऐझॉल उतरल्यावर कुणाच्या मनात क्लब मोडायचा विचार आला नाही, कारण मोडायला तो एकट्याचा नव्हता. डोंगरावरच्या त्या शहरात घराघरांत तो होता.

इथे आपल्याकडचा कुणी जाणकार म्हणेल, मिझोरमचं सोडा, महाराष्ट्रात फुटबॉलची संस्कृतीच नाही. असं म्हणणाऱ्याने एकदा कोल्हापूरला जावं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार, किंवा शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब असा सामना लागला की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात. भिंतींवर चढून, शेजारच्या इमारतींच्या गच्च्यांवरून लोक सामना बघतात. हे क्लब तालमींचे आहेत. जिथे पोरं जोर-बैठका मारतात, जिथे गणपती बसतो, जिथे मोहरमचा पंजाही बसतो, त्याच तालमीचा फुटबॉलचा संघ. खेळाडू गल्लीतला, वर्गणी गल्लीतली, भांडण गल्लीतलं. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. कुणी उद्योगपती आला आणि गेला म्हणून खंडोबा तालमीचा संघ बंद पडल्याचं कुणी ऐकलंय का? तसं होऊच शकत नाही. तालीम विकायला काढायची म्हटली तर सही कोण करणार?

कोल्हापूरचं कौतुक आंधळेपणाने करायला मी बसलेलो नाही. तिथे समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी सामने थांबलेले आहेत, हंगाम अडकलेले आहेत. आणि एवढी माणसं मैदानात असूनही त्या तालमींना वर जायला वाट नाही. शंभर यार्डांत सगळं जग. चांगलं पोर असेल तर त्याला शहर सोडावं लागतं. अनिकेत जाधवचंच पाहा: कोल्हापूरचा मुलगा, पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथून २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. कोल्हापूरकडे मुळं आहेत, शिडी नाही. पुण्याला पैशाने शिडीच्या थेट वरच्या पायरीवर नेऊन बसवलं, पण मुळं धरू दिली नाहीत. दोन्ही शहरांत अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचं. पण आपल्या फुटबॉलमध्ये ही दोन टोकं कधी एकत्र आलीच नाहीत.

शिडी असली की काय होतं याचं उदाहरण लंडनचं आहे. २००२ साली विम्बल्डन या क्लबला मालकांच्या इच्छेनुसार मिल्टन कीन्स नावाच्या दूरच्या नव्या शहरात हलवायला परवानगी मिळाली. समर्थकांनी काही आठवड्यांत स्वतःचा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन, मालकी सभासदांची. सुरुवात अगदी तळाच्या, हौशी श्रेणीतून. चढत चढत २०११मध्ये, म्हणजे नऊ वर्षांत, ते व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पोहोचले. २०२०मध्ये आपल्या जुन्या पेठेत, प्लाऊ लेनवर, नव्या मैदानात खेळायला परतले. पुण्यात २०१९ साली आम्ही असं काही केलं असतं तर कुठपर्यंत चढलो असतो? तेव्हा सुपर लीगमध्ये खालून वर यायचा मार्गच नव्हता. आय-लीगच्या विजेत्याला वर घेणं २०२३ साली सुरू झालं. त्याच सुमारास आय-लीगची तिसरी श्रेणीही आली. म्हणजे आता, अपुरी का होईना, राज्याच्या लीगपासून देशाच्या लीगपर्यंत शिडी आहे. मला वाटतं ही गेल्या दहा वर्षांतली सगळ्यात मोलाची सुधारणा आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

मग माझं म्हणणं काय? क्लबची कंपनी असू दे, तिच्यात मालकाचे पैसे असू देत, नफा झाला तर त्याचा. पण नाव, बोधचिन्ह, वयोगटांचे संघ आणि स्पर्धेतली जागा यांच्यावर सभासदांच्या नोंदणीकृत संस्थेचा हक्क असायला हवा. क्लब शहराबाहेर न्यायचा असेल, नाव बदलायचं असेल किंवा संघ बंद करायचा असेल, तर या संस्थेच्या संमतीशिवाय ते होऊ नये. जर्मनीत बहुतांश क्लबांमध्ये मतांचं बहुमत सभासदांच्या मूळ संघटनेकडेच राहतं, आणि तिथल्या गॅलऱ्या ओस पडलेल्या नाहीत. मालक गेला तर क्लब वरच्या श्रेणीतून खाली येईल. येऊ दे. खाली आलेला क्लब परत चढू शकतो. नाहीसा झालेला नाही चढू शकत.

ही अट घालायची ताकद सरकारकडे आणि महापालिकांकडे आहे, कारण मैदानं त्यांची आहेत. महाराष्ट्रात आज व्यावसायिक फुटबॉलला लागणारं मैदान खासगी मालकीचं जवळजवळ कुठेच नाही. मैदान भाड्याने देताना नुसतं भाडं ठरवू नका. सभासदांच्या संस्थेशी करार आहे का, विचारा. अकादमीतल्या मुलांसाठी किमान एका शैक्षणिक वर्षाची अनामत रक्कम बाजूला ठेवली आहे का, विचारा. पंधरा वर्षांच्या मुलाला तुम्ही मणिपूरहून किंवा मलप्पुरमहून पुण्याला आणता, शाळेत घालता, आणि डिसेंबरमध्ये सांगता की अकादमी बंद. त्या मुलाचं ते वर्ष कोण परत देणार? माझ्या ओळखीच्या एका घरात हे घडलंय. क्लबचं नाव मी घेत नाही. मुलाची बॅग तीन दिवस दारात तशीच पडून होती, कारण ती उघडली की गोष्ट खरी होणार होती. तो पुढे खेळलाच नाही.

लोक म्हणतील, सभासदांनी चालवायचं म्हणजे राजकारण आलं, गट आले, वार्षिक सभेत खुर्च्या उडाल्या. येईल ना राजकारण. पण महाराष्ट्राने हे म्हणावं याचं मला आश्चर्य वाटतं. प्रवरेला शेतकऱ्यांनी स्वतःच्या भागभांडवलातून साखर कारखाना उभा केला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने, स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत. त्या सहकारात पुढे काय काय बिघडलं ते आपण सगळे जाणतो, मी त्यावर पांघरूण घालत नाही. पण कारखाना गावातून उचलून दुसऱ्या राज्यात नेला असं झालं नाही, कारण सभासद होते. पुण्यापुरतं बोलायचं तर डेक्कन जिमखाना १९०६पासून सभासदांच्या जोरावर उभा आहे. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचे खेळाडू गेले त्याची सुरुवात याच जिमखान्याच्या मैदानावरच्या शर्यतींतून झाली. सभासदांनी खेळाची संस्था चालवायची ही कल्पना युरोपातून आणायला नको, ती डेक्कनच्या चौकात शंभरहून अधिक वर्षं उभी आहे.

आणि पैसा? सभासदांच्या वर्गणीत देशाच्या वरच्या श्रेणीतला संघ चालत नाही, हे मी कबूल करतो. म्हणून मी वरच्या श्रेणीपासून सुरुवात करा म्हणत नाही. जिथे वर्गणी आणि दोन-चार स्थानिक पुरस्कर्ते पुरतात, तिथून करा. जिल्ह्याच्या लीगमधून, मग राज्याच्या, मग आय-लीगच्या तिसऱ्या श्रेणीतून. वर जाताना गुंतवणूकदार लागेल तेव्हा त्याला या, पण या अटींवर या, असं सांगता येईल. पुण्यात उलटं झालं. आधी गुंतवणूकदार आला, मग त्याने शहर निवडलं, मग समर्थक शोधले.

हा विषय आत्ता काढायचं कारण आहे. जुलै २०२५मध्ये सुपर लीगचा हंगामच स्थगित झाला, कारण २०१०चा तो पंधरा वर्षांचा करार संपत आला होता आणि पुढचं कुणी ठरवलं नव्हतं. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. राज्यात उरलेल्या मुंबई सिटीतून परदेशी भागीदारही बाहेर पडला. म्हणजे जे पुण्यात सुटंसुटं घडत गेलं ते आता सगळ्या देशात एकदम घडतंय. हक्कांचा नवा करार होईल तेव्हा त्यात प्रक्षेपणाचे पैसे, मालकांचे हिस्से, जाहिरातदार यांची कलमं असतीलच. समर्थकांचं एकही कलम नसेल तर पुढच्या पंधरा वर्षांत आणखी किती शहरांची पाटी पुसली जाईल? तेव्हा फेडरेशनशी आणि सरकारशी बोलायची ही वेळ आहे, आणि बोलायला जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि कोल्हापूरच्या तालमी यांनी एकत्र जायला हवं. कोल्हापूरला यात सगळ्यात जास्त अधिकार आहे, कारण त्यांनी ही गोष्ट चालवून दाखवली आहे.

गेल्या हिवाळ्यात डोबरवाडीला एक जिल्ह्याचा सामना बघायला गेलो होतो. धुळीचं मैदान, कडेला दगडी कठडा, बघायला साठ-सत्तर माणसं. शेजारी एक काका बसले होते, कॅम्पात राहणारे, वय सत्तरीच्या पुढे. बोलता बोलता पुणे एफसीचा विषय निघाला. त्यांना चर्चिलविरुद्धचा एक सामना मिनिटामिनिटाने आठवत होता. मी विचारलं, काका, उद्या सभासदांचा क्लब काढला, वर्षाला हजार रुपये, तर याल का? ते म्हणाले, "पावती मिळेल ना? नावाची?" मी हो म्हणालो. "मग दोन फाडा," ते म्हणाले, "एक नातवाची."